खोडदच्या तबकड्या आणि त्यांचे कर्ते डॉ. गोविंद स्वरूप
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दर वर्षी ह्या संमेलनात एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र कथन करण्याचा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. तो मान यंदा चिटणीससाहेबांनी आम्हांस दिला, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही विषय कळविला, तेव्हा कार्यकारिणीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आस्थेने पृच्छा केली, "गुरुजी, हे स्वरूप आपल्यापैकी का?" नव्हते. त्यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात ठाकुरद्वारा ह्या गावी झाला. आपल्या ज्ञातीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. परंतु त्यांनी आपल्या आयुष्याचे सर्वांत मोठे काम आपल्या दाराशी उभे केले, आणि देह ठेवला तोही पुण्यातच. तेव्हा शेजारधर्माने त्यांचे चरित्र ह्या स्मरणिकेत येण्यास हरकत नसावी, असे आम्ही सुचविले व ते मान्य झाले.

ह्या विषयाकडे वळण्यास आणखी एक कारण घडले. मंडळाच्या मागील सभेत पुणे–नाशिक रेल्वेचा विषय निघाला, आणि काही तरुण सभासद फार तावातावाने बोलले. "एका दुर्बिणीपायी आमची रेल्वे गेली, त्या दुर्बिणीने आम्हांला दिले तरी काय?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. त्या वेळी आम्ही गप्प बसलो, कारण उत्तर आमच्याजवळ तयार नव्हते. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, खेड तालुक्यातील शाळांत मुलांस शिकविण्यात हयात गेली, शास्त्रज्ञ नव्हे. चुकले तर सभेत बसलेल्या इंजिनियर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक जुनी गोष्ट आठवावी. आमच्या लहानपणी गावात मोजकेच रेडिओ होते. संध्याकाळी बातम्या लागल्या की ओसरीवर पंधरा-वीस माणसे जमत. नेमक्या त्याच वेळी पिठाची गिरणी सुरू झाली, अथवा रस्त्याने फटफटी गेली, की रेडिओत खरखर उठे आणि बातमीतला शब्द हरवे. पावसाळ्यात वीज चमकली की तीच गत. वडीलधारी माणसे गिरणीवाल्यास शिव्या देत. आज समजते की जेथे जेथे विजेची ठिणगी उडते, तेथे तेथे रेडिओ लहरी उत्पन्न होतात. मग ती ठिणगी ढगातील असो, फटफटीच्या प्लगमधील असो वा आपल्यातील कोणा वेल्डरच्या हाताखालील असो. ही खरखर ध्यानात ठेवावी. ह्या संबंध कथेचा आरंभ तिच्यात आहे आणि आजच्या भांडणाचे मूळही तिच्यातच आहे.

रेडिओ लहरींचा इतिहास सांगू लागलो तर रात्र पुरणार नाही. एवढेच सांगतो की १८९५ साली कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून विद्युल्लहरी पाठवून भिंतीपलीकडील घंटा वाजविली व दारू पेटविली. पुढे १९३३ साली अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनियराने एक अपूर्व वार्ता जाहीर केली. समुद्रापलीकडील टेलिफोनात खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम बेल कंपनीच्या प्रयोगशाळेने त्याजकडे सोपविले होते. जवळच्या विजांची खरखर त्याने ओळखली, दूरच्या विजांची ओळखली. तरीही एक मंद सुसकार शिल्लक राहिला, आणि तो आकाशगंगेच्या मध्याकडून येत होता! आकाशातील ज्योती प्रकाशाप्रमाणे रेडिओ लहरीही पाठवितात, हे मनुष्यास तेव्हा प्रथम कळले. त्यानंतर १९३७ मध्ये ग्रोट रेबर ह्या गृहस्थाने पदरच्या पैशाने घराच्या परसात तबकडी उभारून ह्या लहरी ऐकण्यास प्रारंभ केला. गोविंद स्वरूप त्या वेळी आठ वर्षांचे होते.

स्वरूप १९५० साली अलाहाबाद विद्यापीठाचे एम. एस्सी. झाले व दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉ. के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली रुजू झाले. तेथून १९५३ साली शिष्यवृत्ती घेऊन ते ऑस्ट्रेलियातील सिडनीस गेले. दुसऱ्या महायुद्धातील रडारची विद्या हाती आलेले तेथील लोक आता तीच विद्या आकाशाकडे वळवीत होते. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याचा अभ्यास करण्याकरिता सहा-सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्यांची एक रांग होती. तिचे काम संपत आले आणि त्या तबकड्या टाकून देण्याची भाषा निघाली. स्वरूपांनी पुढे होऊन विचारले, "टाकताच आहात, तर हिंदुस्थानास द्या." आमच्या मते ह्या माणसाची सारी जात ह्या एका मागणीत दिसून येते. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, परक्या देशात शिकाऊ म्हणून गेलेला, आणि दुसऱ्याच्या अडगळीत त्याला आपल्या देशाचे भवितव्य दिसते! तबकड्या मिळाल्या. परंतु बोटभाड्याच्या प्रश्नावरून काळ गेला आणि त्या हिंदुस्थानास पोहोचल्या १९५८ मध्ये. तोवर मागणारा अमेरिकेस गेला होता. तबकड्या दिल्लीत पडून राहिल्या.

अमेरिकेत स्वरूप प्रथम टेक्सासमधील हार्वर्डच्या वेधशाळेत होते. मग स्टॅन्फर्ड विद्यापीठात प्रा. ब्रेसवेल यांचे विद्यार्थी झाले. येथे त्यांनी लावलेला एक शोध सांगावयास हवा. वर्तमानपत्रांत त्याचा उल्लेख सहसा येत नाही. पण आपल्या येथील कारखान्यांतून मोजमापाची कामे करणाऱ्या मंडळींस त्याची गोडी कळेल. अनेक तबकड्यांनी मिळून एक दुर्बीण करावयाची, तर प्रत्येक तबकडीने टिपलेली लहर केबलमधून मध्यावर आणून एकत्र जुळवावी लागते. केबल उन्हाने तापते, थंडीने आखडते, आणि एवढ्याशा फरकाने लहरींचा मेळ बिघडतो. भजनात एकाचा टाळ मागेपुढे पडला की होते तसे. प्रत्येक केबल जागेवर जाऊन तपासणे हे अत्यंत कष्टाचे काम. स्वरूप व त्यांचे सहकारी यँग यांनी १९६१ साली अशी युक्ती प्रसिद्ध केली की मध्यावरून एक संकेत तबकडीपर्यंत पाठवावा, तेथून तो त्याच केबलने परत यावा, आणि जाऊन-येऊन किती फरक पडला, हे मध्यावर बसूनच मोजावे. पुढे जगात जेथे जेथे अनेक तबकड्यांच्या दुर्बिणी झाल्या, तेथे ह्या युक्तीचा स्वीकार झाला.

त्याच १९६१ साली स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन ह्या परदेशस्थ चौघांनी देशातील विज्ञानसंस्थांच्या प्रमुखांस पत्रे धाडिली, की आम्ही सर्वजण मायदेशी येऊन रेडिओ खगोलशास्त्राचे काम आरंभू इच्छितो, आम्हांस जागा द्याल काय? जानेवारी १९६२ मध्ये डॉ. होमी भाभा यांची अनुकूल तार गेली. स्वरूप १९६३ च्या एप्रिलात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. आणि पहिले काम काय केले म्हणाल, तर दिल्लीत धूळ खात पडलेल्या त्या बत्तीस तबकड्या कल्याणास आणविल्या. चोवीस पूर्व-पश्चिम, आठ दक्षिणोत्तर अशी मांडणी करून १९६५ साली सूर्याचे वेध सुरू झाले. आपल्यापैकी ज्यांचे नातलग कल्याणास आहेत, त्यांतील किती जणांस ही गोष्ट ठाऊक असेल?

ह्यानंतर उटीची दुर्बीण. तिचे वर्णन आम्ही शाळेत फळ्यावर आकृती काढून करीत असू. येथे फळा नाही. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असे एक पन्हळ कल्पावे. पृथ्वीच्या आसाशी समांतर अशा रेषेवर ते फिरविता आले, तर एकाच फिरकीने तारा तासन् तास नजरेत धरता येतो. विषुववृत्तावर असे पन्हळ सपाट जमिनीवर ठेवता आले असते; परंतु उटी आहे सुमारे अकरा अंश उत्तर अक्षांशावर. म्हणून स्वरूपांनी नेमका अकरा अंश उताराचा दक्षिणोत्तर डोंगर शोधून काढला व पन्हळ डोंगरावरच टेकविले! चोवीस चौकटींवर पोलादाच्या अकराशे तारा ताणल्या. १९७० साली ही दुर्बीण चालू झाली, आणि ती आपल्या देशात, आपल्या कारागिरांनी बांधिली. पाठीराखे भाभा मात्र ती पाहावयास उरले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान-अपघातात ते निवर्तले.

त्या काळी विश्वाविषयी मोठा वाद चालू होता. विश्व सदा असेच होते, असे एक पक्ष म्हणे. ते एका महास्फोटातून निपजले आणि वाढत-बदलत आले, असे दुसरा पक्ष म्हणे. चंद्र आकाशात सरकताना दूरच्या रेडिओ-ज्योती झाकून टाकतो. चंद्राची जागा अचूक ठाऊक असते. तेव्हा ज्योत किती झपाट्याने झाकली गेली, ह्यावरून तिचा आकार काढता येतो. उटीहून अशा शेकडो ज्योती मोजल्या गेल्या, आणि त्या मापांनी बदलत्या विश्वाच्या पक्षास बळ दिले. पहिल्या पक्षाच्या अग्रणींत आपले डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे गुरू हॉईल होते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे त्याच नारळीकरांनी व स्वरूपांनी एकाच पुण्यनगरीत, विद्यापीठाच्या एकाच आवारात, आपापल्या संस्था वाढविल्या. मतभेद असावेत तर असे.

आता खोडदकडे येऊ. विषुववृत्तावर, केनियात वा इंडोनेशियात, एक प्रचंड दुर्बीण उभारण्याचा स्वरूपांचा बेत होता. तो तडीस गेला नाही. १९८४ च्या सुमारास त्यांनी नवा संकल्प केला. शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या हायड्रोजन वायूच्या लहरी ताणल्या जाऊन लांब होतात. त्या ऐकावयाच्या तर मीटरभर लांबीच्या लहरी टिपणारी मोठी दुर्बीण हवी. जागा अशी हवी की जेथे मनुष्यनिर्मित खरखर कमी, वारा बेताचा, आजूबाजूस डोंगरांची आड, आणि तरीही कारखाने, कारागीर व विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. ह्या सर्व अटी नारायणगावच्या पूर्वेस खोडदच्या माळावर जुळून आल्या. पुण्याहून ऐंशी किलोमीटरांच्या आत-बाहेरचे अंतर. तेथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी, आणि सोळा तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या, पंचवीस किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या.

पंचेचाळीस मीटरांची तबकडी पत्र्याची केली असती, तर तिचे वजन व वाऱ्याचा जोर सोसण्यास केवढा सांगाडा लागला असता! खर्च तर आपल्या आवाक्याबाहेरचाच. स्वरूपांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा कमानी घेऊन त्यांमध्ये पोलादी तारांचे दोर ताणले, आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बांधली. मीटरभर लांबीच्या लहरीस एक-दोन सेंटिमीटरांची भोके दिसतच नाहीत. तिला ती जाळी म्हणजे अखंड आरसा. वारा मात्र आरपार निघून जातो. आमच्या गावचा एक शेतकरी प्रथम ती पाहून म्हणाला होता, "मास्तर, ही तर कोंबड्यांची जाळी!" त्याने मर्म बरोबर ओळखले होते. अमेरिकेची नक्कल करण्यास पैसा नव्हता, म्हणून येथे नवी कल्पना सुचली. आणि तीस तबकड्या झाल्या, त्या ह्या जाळीमुळे झाल्या. १९९४ साली स्वरूप नियमाप्रमाणे सेवानिवृत्त झाले. पण कामातून निवृत्त झाले नाहीत. २००१ च्या ऑक्टोबरात ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांस रीतसर खुली झाली. त्याआधीच त्यांस पद्मश्री आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले होते. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. भिडे यांच्यासमवेत त्यांनी अशी योजना मांडली होती की विज्ञानाचे पदवी-शिक्षण आणि संशोधन एकाच छपराखाली असावे. आज पाषाणला जी आयसर संस्था आहे, तिच्यामागे त्या विचाराची प्रेरणा आहे. ७ सप्टेंबर २०२० रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी, पुण्यात ते कैलासवासी झाले. त्याच वर्षी विद्युत-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने खोडदच्या दुर्बिणीस मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. तसा मान भारतात पूर्वी जगदीशचंद्र बोस व सर रामन यांच्या कार्यास मिळालेला होता.

येथे आमची स्वतःची एक फजिती कबूल करतो. दर २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनी, खोडद येथे शाळांचे प्रदर्शन भरते. आम्ही एका वर्षी सातवीची मुले घेऊन गेलो. वाटेत गाडीत मुलांस ऐटीने सांगितले, की ह्या तबकड्या उपग्रहांस संदेश पाठवितात. तेथे एक तरुण इंजिनियर मुलांस माहिती देत होते. आमच्या वर्गातील एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, इथून संदेश कुठे पाठवतात?" ते हसून म्हणाले, "बाळ, इथून काहीच पाठवत नाही. आम्ही फक्त ऐकतो." मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही आकाशाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रथम आमची चूक दुरुस्त केली व मगच हजेरी घेतली.

परंतु त्या एका वाक्यात रेल्वेच्या तंट्याचे सर्व उत्तर आहे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. ती दुर्बीण केवळ ऐकते. आणि ऐकते ते इतके क्षीण, की चंद्रावर एखादा मोबाईल ठेवला, तर तिला तो आकाशातील प्रखर ज्योतींपैकी एक वाटेल. २०१६ च्या १९ ऑक्टोबरला युरोपचे एक यान मंगळावर उतरत असता त्याचा बारीकसा संकेत कोट्यवधी किलोमीटरांवरून खोडदने ऐकला, आणि जमिनीस टेकण्याआधी तो थांबल्याचेही खोडदलाच कळले. असा कान ज्या गावात आहे, तेथे ओसरीवरील रेडिओ व पिठाची गिरणी ह्यांचे जुने भांडण लाखो पटींनी मोठे होते. म्हणूनच आसपासच्या टापूत कारखाने काढण्यावर सरकारने निर्बंध घातले. भोसरी, मोशी, चाकण येथे जी भरभराट झाली, ती नारायणगावच्या बाजूस तशी सरकली नाही, ह्याचे हेही एक कारण आहे. विजेच्या रेल्वेत तारेस घासून धावणाऱ्या दांड्याशी ठिणग्या उडतात. गाडीतील व रुळांलगतची यंत्रेही लहरी सोडतात. त्यामुळे चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव ह्या मार्गाने जाणाऱ्या आखणीस दुर्बिणीच्या चालकांनी हरकत घेतली, आणि शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने नवा मार्ग असल्याचे रेल्वेमंत्र्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले.

आमचा पुतण्या मंचरहून चाकणच्या कारखान्यात जातो. पाळी सकाळी सातची. घर सोडतो पाचाच्या आधी. चाकणच्या चौकात अडकलेल्या गाड्यांची रांग आपण सर्व जाणता. तिचे वर्णन नको. रेल्वे झाली असती, तर त्याच्या लेकराला बाप उजेडी दिसला असता. तेव्हा तरुणांनी आम्हांस दुर्बिणीचा वकील समजू नये. हा तोटा खरा आहे आणि तो सोसणारे आपणच आहोत, खोडदला येणारे परदेशी शास्त्रज्ञ नव्हेत. ज्या मुलखाने पस्तीस वर्षे आपल्या कारखान्यांवर मर्यादा सोसली, त्याला दळणवळणाची दुसरी सोय देणे हे शासनाचे देणे आहे, आणि ते मागण्यासाठी मंडळाने ठराव केल्यास त्यावर पहिली सही आमची राहील. तक्रार असलीच तर ती आखणी करणाऱ्यांपाशी आहे. नकाशावर पहिली रेघ ओढली तेव्हाही तबकड्या तेथे उभ्याच होत्या. दोन्ही पक्ष तेव्हाच एका मेजावर बसावयास हवे होते. लोकांस आशा लावून मग मोडण्याचा प्रसंग टळला असता.

परंतु "दुर्बिणीने काय दिले" ह्या प्रश्नास "काही नाही" हे उत्तर आम्हांस मान्य नाही. तेथील यंत्रशाळांतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामांतून जुन्नर-आंबेगावची मुले कामास लागली. खेड्यातील शाळांची मुले वर्षातून एकदा जगातील नामांकित शास्त्रज्ञांस समोरासमोर प्रश्न विचारतात. आणि मास्तरची चूक काढणारी आमची ती विद्यार्थिनी आज इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर असून भोसरीत नोकरी करते. तिचे माहेर रेल्वेच्या जुन्या आखणीवर आहे. तिला आम्ही ह्या तंट्याविषयी विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, मला दोन्ही हवं आहे." आम्हांसही दोन्ही हवे आहे. दोन्हीपैकी एकच मिळणार असेल तर काय, ह्याचे उत्तर तिने दिले नाही, आणि आम्हीही आज देऊ शकत नाही.

शेवटी एक सूचना. येत्या विज्ञानदिनी मंडळातर्फे इयत्ता सातवी ते दहावीच्या मुलांस खोडद येथे नेण्याचे ठरले आहे. गाडी नाशिक फाट्यावरून सकाळी सहास निघेल. वाटेत चाकण व मंचर येथे मुलांस घेण्यात येईल. ज्या तरुण सभासदांनी मागील सभेत प्रश्न विचारला, त्यांनी मुलांबरोबर देखरेखीस यावे, अशी आमची त्यांस व्यक्तिशः विनंती आहे. तो प्रश्न त्यांनी तेथील लोकांसच विचारावा. नावे चिटणिसांकडे द्यावीत. डबा व पाणी बरोबर असावे, आणि तबकड्यांजवळ जाण्यापूर्वी सर्वांनी, वडीलधाऱ्यांनीसुद्धा, आपापले मोबाईल बंद करावेत.